भंगारातल्या स्कूटरच्या मोटरवर घरची पवनचक्की, इंदूरच्या वाऱ्यात

पवनचक्की करायची म्हटलं की सगळे आधी पात्यांच्या मागे लागतात, तीन लावू की पाच, लाकडाची की पाइपची, मीपण तेच केलं आणि पहिले दोन महिने वाया घालवले. खरं काम दोन जागी अडतं. एक, वारा नक्की कुठे आहे, आणि दोन, मोटर, पाती आणि बॅटरी यांचं आपसात जमतंय का. हे दोन जमले तर पाती थोडी वाकडीतिकडी कापली तरी चालून जातात.

आधी हिशोब सांगतो म्हणजे नंतर कोणी नाराज व्हायला नको. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. आपण करतोय ते 1.2 मीटर व्यासाचं पात्यांचं चक्र, त्याचं क्षेत्रफळ 1.13 चौरस मीटर. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा किंचित विरळ, तर सेकंदाला 3 मीटर वाऱ्यात या चक्रातून जाणारी एकूण ताकद साधारण 17 वॅट, 5 मीटरला 79 आणि 8 मीटरला 324. हे सगळं हातात येत नाही. आल्बर्ट बेट्झ नावाच्या जर्मन माणसानं 1919 मध्येच गणितानं दाखवून दिलं की कितीही भारी चक्र बनवा, 59.3 टक्क्यांच्या वर काढता येत नाही, आणि घरी बनवलेल्यात 25 टक्के मिळाले तरी पेढे वाटा. म्हणजे हातात 4 वॅट, 20 वॅट, 80 वॅट. सरासरी वारा 3 मीटरचा असेल तर, मधले जोराचे झोत धरून, दिवसाला दीडशे वॅट-तास धरा, एक युनिट व्हायला सहा-सात दिवस. यात दोन-तीन एलईडी बल्ब, राउटर आणि मोबाइल चार्जिंग निघतं. फ्रिज, कूलर विसरा. 100 वॅटचं एक सोलर पॅनल कडक उन्हात यापेक्षा तिप्पट देतं हेही प्रामाणिकपणे सांगतो, पण आपल्याकडे जून-जुलैमध्ये ढग दाटून आले की पॅनल रुसतं आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो, म्हणून जोडीला पवनचक्की.

आता वारा बघायचा कसा. देवासच्या बाजूला जामगोदरानीच्या टेकड्यांवर मोठे पंखे फिरताना बघून आपल्याला वाटतं की माळव्यात वाराच वारा आहे, पण ते टेकडीवर आणि खूप उंचावर आहेत. माझी पहिली चक्की लोकमान्य नगरात घराच्या गच्चीवर होती, पाण्याच्या टाकीशेजारी दहा फुटी पाइपवर. चक्की फिरायची, थांबायची, गर्रकन उलटं तोंड करायची, परत फिरायची, आणि पाइप भिंतीला क्लॅम्पनं धरला होता त्यामुळे रात्री खालच्या खोलीत घूंऽऽ असा आवाज. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "अरे, ते तुझं यंत्र उतरव, नाहीतर मी तरी माहेरी जाते." आई पंच्याहत्तरची. उतरवलं.

संक्रांतीला गच्चीवरून पतंग उडवलाय ना, मग हे लगेच कळेल. गच्चीच्या उंचीवर पतंग नुसता गोते खातो, शेजारच्या इमारतींच्या वर गेला की एकदम मांजा ताणला जातो. चक्कीचं तेच. आसपास 90 मीटरच्या आत जे काही सगळ्यात उंच असेल, झाड म्हणा, टाकी म्हणा, त्याच्यापेक्षा 9 मीटर वर चक्र असावं असा नियम आहे, तो शहरातल्या गल्लीत पाळणं जवळपास अशक्य. म्हणून मी ती सिमरोलकडे मावसभावाच्या शेतावर नेली, मोकळा उतार, पश्चिमेला काही नाही. तिथंही आधी महिनाभर नुसता एक बांबू उभा केला, टोकाला कापडाची पट्टी. पानं नुसती सळसळतात तो वारा 2-3 मीटरचा. पानं आणि बारीक काड्या सारख्या हलतायत, पट्टी पूर्ण आडवी उडतेय, म्हणजे साडेतीन ते साडेपाच. धूळ आणि कागद उडायला लागले, छोट्या फांद्या हलतायत, म्हणजे साडेपाच ते आठ. रोज सकाळ, दुपार, रात्र असं तीन वेळा वहीत लिहायचं, मोबाइलवरच्या हवामानाच्या आकड्यावर जाऊ नका, तो तुमच्या शेताचा नसतो. मे ते जुलै वारा जोरात असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर एकदम मरगळ, त्यामुळे जूनमध्ये मोजून खूश होऊ नका.

मोटर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जुन्या सीलिंग फॅनची मोटर चालत नाही, साध्या पंख्यात चुंबक नसतं, नुसती फिरवली तर काहीच येत नाही. कारच्या अल्टरनेटरचंही तसंच, त्याला आधी स्वतःला करंट द्यावा लागतो आणि हजाराच्या वर आरपीएम, म्हणजे मिनिटाला चकरा, लागतात, आपली पाती तेवढं थेट फिरवत नाहीत. ई-रिक्शाची मोटर गिअरवर चालायला बनलेली, तीपण जोरात फिरली तरच व्होल्टेज देते. आपल्याला हवी हळू फिरून व्होल्टेज देणारी, कायम चुंबकाची. ती भंगारात सहज मिळते, जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकातली हब मोटर, 48 व्होल्ट, 250 वॅटवाली. बॅटऱ्या गेल्या की लोक गाडीच कबाड्याला देऊन टाकतात आणि मोटर आत ठणठणीत असते. मला 1,400 ला मिळाली, कबाडी म्हणाला, "भिया, इससे लाइट बनेगी क्या?" आणि मग त्यानंच हाताने फिरवून दाखवली.

घेतानाच तपासायची. मोटरमधून तीन जाड वायरी येतात, बहुतेक पिवळी, हिरवी, निळी, आणि पाच बारीक. बारीक सोडून द्या, त्या सेन्सरच्या आहेत. तीन जाड वायरी मोकळ्या ठेवून चाक फिरवा, सहज फिरलं पाहिजे, थोडं खटखट अडकल्यासारखं लागेल ते चुंबकाचं, चालतं. मग तिन्हींची टोकं एकत्र पिळा आणि परत फिरवा. चाक एकदम चिखलात रुतल्यासारखं जड झालं पाहिजे. झालं तर मोटर जिवंत आहे. वायरी मोकळ्या असतानाच जड फिरत असेल तर आत वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, शॉर्ट आहे, सोडा. ही चिखलाची गोष्ट लक्षात ठेवा, हाच पुढे आपला ब्रेक आहे.

मग थ्री-फेज ब्रिज रेक्टिफायर घ्या, मोटरच्या एसीची डीसी करणारा, 35 अँपिअरचा चौकोनी ठोकळा मिळतो, महाराणी रोडवर किंवा जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे विचारा. तीन वायरी त्याच्या तीन एसी टोकांना, कोणती कुठे याला महत्त्व नाही, आणि प्लस-मायनसवर मल्टीमीटर डीसीला लावून चाक सेकंदाला एक चक्कर या वेगानं फिरवा, घड्याळ समोर ठेवून "एक एक, दोन दोन" म्हणत. माझ्या मोटरवर 60 आरपीएमला साधारण 7 व्होल्ट आले. हा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

कारण असं बघा. पाइपच्या पात्यांचं टोक चांगलं चालताना वाऱ्याच्या चार-पाच पट वेगानं जातं. वारा 3 मीटर, तर टोक 15 मीटर. चक्राचा घेर 3.77 मीटर, म्हणजे सेकंदाला चार चकरा, 240 आरपीएम. माझी मोटर तेव्हा 28 व्होल्ट देणार. 24 व्होल्टच्या बॅटरीत करंट जायला पंचवीस-सव्वीसच्या वर पाहिजे, म्हणजे 3 मीटरच्या आसपास चार्जिंग सुरू. जमलं.

पण मी काय केलं होतं, घरात इन्व्हर्टरची एक जुनी बॅटरी पडली होती, 12 व्होल्टची, तीच जोडली. चक्की चांगल्या वाऱ्यातही गुरगुरत, म्हातारीसारखी फिरायची, दीड अँपिअरच्या वर काही जाईना. मी पाती तीनदा बदलली, कोन बदलला, मावसभाऊ म्हणाला, दादा, हिला तेल देऊन बघ. तेलाचा काही संबंध नव्हता, 12 व्होल्टची बॅटरी मोटरला 115-120 आरपीएमलाच धरून ठेवत होती, वारा वाढला तरी पात्यांना वेग घेता येत नव्हता, हवा नुसती पात्यावरून घसरून जात होती. दुसरी बॅटरी आणून दोन्ही सिरीजमध्ये लावल्या, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, 24 केलं, त्याच संध्याकाळी त्याच पात्यांनी सूर पकडला. तरी जोराच्या वाऱ्यात हाच त्रास थोडा राहतोच, 8 मीटरला कागदावर 80 वॅट येतात पण मला कधी पन्नासच्या वर दिसले नाहीत. तुमच्याकडे वारा जास्त असेल तर 36 करून बघा. इंदूरच्या मंद वाऱ्याला 24 बरं, आणि वादळात चक्र आपोआप दबून राहतं हा वरचा फायदा.

पाती

पाइपचा व्यास पात्याच्या लांबीच्या साधारण पाचवा भाग असावा, 60 सेंमी पात्याला 12 सेंमी, म्हणजे शेतीच्या पाण्याचा 125 किंवा 140 मिमीचा पीव्हीसी पाइप. ड्रेनेजचा पातळ घेऊ नका, 6 किलो प्रेशरचा घ्या. 140चा 60 सेंमी तुकडा उभा चार भागात चिरला की प्रत्येक पट्टी 11 सेंमी रुंद, तीन वापरायच्या, चौथी चुकीसाठी. बुडाकडचे 10 सेंमी पूर्ण रुंदीचे सोडा, तिथून टोकापर्यंत एक कड तिरकी कापत जा, टोकाला 4 सेंमी उरलं पाहिजे. दुसरी कड सरळच. तिन्ही एकाच बाजूनं तिरकी कापायची, मी एक उलटी कापली होती आणि हे बोल्ट लावताना कळलं.

आता दिशा, इथे नव्वद टक्के लोक गोंधळतात. पाइपची आतली खोलगट बाजू वाऱ्याकडे. तिरकी कापलेली कड ही पुढची, फिरताना हवा तीच कापते, ती वाऱ्याच्या बाजूला उचललेली दिसते, पॉलिश पेपरनं गोलसर घासा. सरळ कड मागची, ती घासून पातळ करा, आणि प्लेटवर बसवताना मागच्या कडेजवळचा भाग प्लेटला सपाट लागेल असं बघा. पिळाचं वेगळं काही करावं लागत नाही, पाइपच्या गोलाईमुळे टोकाला कोन कमी आणि बुडाला जास्त आपसूक येतो. मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बानं 14 वर्षांचा असताना असेच पीव्हीसी पाइप चिरून, आगीवर शेकून सपाट करून पाती केली होती आणि सायकलच्या डायनामोवर घरात बल्ब लावला होता. तो मलावीत, आपण माळव्यात, नाव पण जवळचं.

पात्यांसाठी 25 सेंमीची गोल प्लेट, 4 मिमी अॅल्युमिनियम चालतं, मोटरच्या ज्या बाजूला स्कूटरच्या ब्रेकचे बोल्ट असतात त्या बाजूला बसवा, आणि वायर ज्या बाजूनं निघते ती बाजू मागे ठेवा. प्रत्येक पात्याला कमीत कमी दोन 6 मिमीचे बोल्ट, मोठे वॉशर, आणि नायलॉक म्हणजे आपोआप ढिले न होणारे नट. मग बॅलन्स. वारा नसलेल्या खोलीत मोटर आडवी धरून चक्र हळूच फिरवून सोडा, दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड. त्याला टोकाकडून घासा, हलक्याला काही चिकटवू नका, उडून जातं. याला कंटाळू नका, एक तास लागू दे. एक पातं साधारण 300 ग्रॅमचं असतं, 250 आरपीएमला ते बोल्टला पाच-सहा किलोच्या जोरानं ओढतं, पण बॅटरीची वायर सुटली आणि वादळात चक्र मोकळं सुटून 1,300 ला गेलं तर तोच जोर दीडशे किलो होतो.

डोकं आणि शेपूट

हब मोटरचा एक्सल फिरत नाही, बाहेरचा डबा फिरतो, म्हणून एक्सलची मागची बाजू एका जाड पट्टीत घट्ट धरायची. मी 4 मिमी पट्टी वापरली, पहिल्याच जोराच्या वाऱ्यात वाकली आणि पाती खांबाला घासली, नंतर 8 मिमी लावली. एक्सलला दोन बाजूंनी सपाट चपटं केलेलं असतं, पट्टीतलं छिद्र तसंच चपटं करून घ्या, नाहीतर एक्सलच फिरतो आणि वायर पिळून तुटते. पाती आणि खांब यात कमीत कमी 12-15 सेंमी जागा ठेवा, जोरात पीव्हीसी मागे वाकतो.

वाऱ्याकडे तोंड फिरायला सायकलच्या हँडलचा फ्रेममधला नळा आणि त्याचे छर्रे उत्तम, नाहीतर पाइपमध्ये पाइप घालून ग्रीस भरा, तेही चालतं. शेपटीचा दांडा 75 सेंमी आणि टोकाला 30 बाय 30 चा पत्रा. वायरीसाठी स्लिप रिंगच्या, म्हणजे वायर पिळू न देणाऱ्या फिरत्या जोडाच्या, भानगडीत पडू नका, वायर पाइपच्या आतून खाली सोडा, तळाला एक प्लग ठेवा, दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून पीळ उलगडला की झालं.

खांब

2 इंची जीआय पाइप, 6 मीटरची एक लांबी, दोन जोडायच्या असतील तर सॉकेटवर भरवसा नको, आतून लहान पाइप घालून वेल्ड करून घ्या. तळाला बिजागरी, म्हणजे खांब आडवा पाडता येतो, आणि चार दिशांना तारेचे चार तणावे, प्रत्येकाला टर्नबकल, म्हणजे तार आवळायचा स्क्रू. जमिनीत काँक्रीट भरून अँकर. उभा करताना तळाला काटकोनात दुसरा एक पाइप बांधून त्याच्या टोकाला दोर लावून ओढा, नुसत्या हातांनी ढकलून उभा करायला जाऊ नका, आमचा अर्ध्यावर आला आणि चौघांच्या हातात लटकला, ना वर ना खाली, शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. खांब पडेल त्या पूर्ण गोलात विजेची तार नको, माणसं राहत असतील तर तिथेही नको. खांबाला अर्थिंग करा, आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात विजा कशा कडाडतात ते माहीत आहेच.

जोडणी

खांबावरून तीन वायरी येतात, पहिला त्यांना भेटतो ब्रेक स्विच, जो तिन्ही आपसात शॉर्ट करतो. मग रेक्टिफायर, जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवून. मग बॅटरी, आणि बॅटरीच्या अगदी प्लस टोकाजवळ 20 अँपिअरचा फ्यूज. 15 मीटरपर्यंतच्या अंतराला 4 चौरस मिमी तांब्याची वायर बास.

सोलरचा साधा चार्ज कंट्रोलर इथे लावू नका. बॅटरी भरली की तो पॅनलला तोडून टाकतो, पॅनलला त्याचं काही वाटत नाही, पण चक्कीला तोडलं की तिच्यावरचा भार जातो आणि ती सुसाट सुटते, व्होल्टेज शंभरच्या वर जाऊन शॉकही बसतो. चक्कीला कायम काहीतरी काम पाहिजे. म्हणून बॅटरीवर एक व्होल्टेज बघणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, लावायचा, 28.8 व्होल्ट झाले की तो ट्रकचे 24 व्होल्टचे हेडलाइट बल्ब चालू करतो आणि 26.5 ला बंद. एक बल्ब सत्तर वॅटचा, दोन लावले की जास्तीची सगळी वीज तिथे जळते. बल्ब लाकडापासून आणि वायरींपासून लांब, सिमेंटच्या भिंतीवर, तापतात खूप.

क्रम पाठ करा: आधी ब्रेक, मगच बॅटरीची वायर काढायची, आणि लावताना आधी बॅटरी, मग ब्रेक मोकळा. वादळाचा अंदाज असेल तर वारा चढायच्या आधी ब्रेक लावा, पूर्ण वेगात शॉर्ट केलं तर वाइंडिंग जळू शकतं. बॅटरी हवेशीर जागी, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी नको. आणि ही वीज घरच्या मीटरच्या लाइनला कुठेही जोडायची नाही, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेततं. वेगळी 24 व्होल्टची लाइन ओढा, 24 व्होल्टचे डीसी बल्ब लावा.

सगळा खर्च मला बॅटऱ्या सोडून नऊ हजारांच्या आसपास आला, त्यात वाया गेलेली पाती आणि ट्रॅक्टरवाल्याचा चहा-पोहे धरून. पाती दर मे महिन्यात उतरवून बघतो, उन्हानं पीव्हीसी कडक होऊन बोल्टच्या छिद्रापाशी बारीक केसासारख्या चिरा पडतात, नखानं खरवडून बघितलं की लागतात. पांढरा रंग मारला तर एखादं वर्ष जास्त जातं. चीर दिसली की तिन्ही पाती नवीन, एकच बदलली तर परत बॅलन्सला बसावं लागतं. तणावे पहिल्या पावसानंतर ढिले होतात कारण माती बसते, तेव्हा टर्नबकल दोन-दोन फेरे आवळायचे, समोरासमोरचे एकत्र.

गेल्या जुलैत रात्री दोनला मावसभावाचा फोन आला, दादा, तुझे ट्रकचे दिवे आपोआप लागलेत, शेतात चोर आहे का. बॅटरी भरली होती, एवढंच.